बॉल कुणाकडे आहे?

दिवसभर माझ्या तोंडून दुसरीच माणसं बोलत असतात. आज त्यांचं राहू दे, आज मी बोलतो. मी थॉर्नडेल गावच्या विल्फ आणि डोरीन ऑर्मरॉड या म्हाताऱ्या जोडप्याच्या घरातला टीव्ही.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. या घरात मी आलो तो विल्फच्या गुडघ्यांमुळे. विल्फने जन्मभर गावात बस चालवली. गावच्या फुटबॉल संघाची मॅच असली की नवरा-बायको दोघं गळ्यात निळे मफलर गुंडाळून मैदानावर हजर. पाऊस म्हणू नका, गारठा म्हणू नका. पुढे गुडघ्यांनी पायऱ्या चढायला नकार दिला आणि त्यांच्या मुलीने, हेझेलने, मला भिंतीवर टांगलं.

त्याच सुमारास डोरीनची नजर जाऊ लागली. आधी मधोमध एक डाग पडला, मग तो पसरत गेला. शेवटी तिच्यासाठी मी म्हणजे नुसता हलता उजेड उरलो.

"विल्फ, बॉल कुणाकडे आहे रे?" ती विचारायची.

आणि ते सांगण्याची अक्कल माझ्या आतल्या माणसांना नव्हती! समालोचक एकमेकांची थट्टा करण्यात दंग. स्टुडिओत टेबलामागे कोट घालून बसलेले चार माजी खेळाडू पडद्यावर बाण आणि गोल काढत बसायचे. एकजण आपल्या काळातल्या गोलची गोष्ट सांगायचा, दुसरा कुणाच्या तरी केसांवर घसरायचा. "त्यांची जिंकायची भूकच कमी पडली," असं तिसरा गंभीर चेहऱ्याने म्हणायचा.

"भूक कमी पडली म्हणे!" विल्फ उसळायचा. "अरे बाबा, डावीकडचा गडी लंगडतोय, ते दिसत नाही का तुला? फुकटचे पगार खाता लेको!"

"त्याला ऐकू जात नाही, विल्फ."

"जात असतं तर आणखी बोललो असतो."

मग तो माझा आवाज कमी करायचा, खुर्ची डोरीनजवळ ओढायचा आणि स्वतः सांगू लागायचा. "आपल्या गोलकीपरने लांब मारला... उजवीकडे... घेतला, घेतला... घालवला, गाढवाने." डोरीन डोळे मिटून ऐकायची. त्याच्या बोलण्यातून तिला अख्खं मैदान दिसायचं. त्या वेळी मुका होऊन बसण्यात मला सुख वाटायचं.

त्या संघात कॅलम डक्सबरी नावाचा पोरगा होता. गावातलाच. आई लहानपणीच गेलेली. डोरीन शाळेच्या स्वयंपाकघरात होती तेव्हा ती त्याच्या ताटात पुडिंगवर कस्टर्डचा एक डाव जास्त वाढायची. त्याने संघासाठी पहिला गोल केला तेव्हा तिने माझ्यासमोर उभं राहून टाळ्या वाजवल्या. गोल केल्यावर कॅलम छातीवरचं गावाचं चिन्ह ओठांना लावायचा. पुढे मोठ्या शहरातल्या संघाचं बोलावणं आलं, तसा त्याचा पाय अचानक दुखू लागला. सरावाला येईना. सौदा पक्का झाला आणि पाय त्याच दिवशी बरा झाला. "पोराने स्वतःचं भलं पाहिलं, त्यात काय चुकलं?" स्टुडिओतले चौघे म्हणाले. विल्फने मला लाखोली वाहिली. डोरीन मात्र म्हणाली, "लहान आहे रे अजून."

मग तो रविवार आला. मोसमातली शेवटची मॅच, समोर कॅलमचा नवा संघ. थॉर्नडेलला बरोबरी पुरेशी होती. हरलं तर खालच्या श्रेणीत. गावातल्या लोकांचं गाणं नीट ऐकू यावं म्हणून त्या दिवशी डोरीनने आवाज मोठा ठेवायला लावला होता.

मॅच संपत आली होती. बरोबरी टिकून होती. कॅलम बॉल घेऊन गोलसमोर घुसला. आपला बचावपटू दोन हात लांब होता. त्याने पाय मागे घेतला, अंगाला अंग लागलं नाही, आणि कॅलम हात पसरून कोसळला. घोटा धरून गडबडा लोळला. माझ्या पडद्यावर सगळं लख्ख दिसत होतं.

रेफ्रीने शिट्टी फुंकली. पेनल्टी.

"काय झालं रे? कॅलमला लागलं का?" डोरीनने विल्फचा दंड धरला.

विल्फने तिच्याकडे पाहिलं. "पाय अडकला गं त्याचा. पोराचा दोष नाही."

कॅलमने गोल मारला. मग थॉर्नडेलच्या लोकांसमोर जाऊन त्याने कानामागे हात धरला, रडणं ऐकू येत नाही म्हणावं तसा. तो घोटा आता ठणठणीत होता.

मॅच संपली. तोच प्रसंग पुन्हा पुन्हा दाखवताना माझ्याच तोंडून एक तज्ज्ञ हसत म्हणाला, "कुणी बोटही लावलेलं नाही! पण हुशारी बघा. पेनल्टी अशी कमवावी लागते."

हे शब्द मला गिळता आले असते तर!

"तू मला खोटं सांगितलंस," डोरीन म्हणाली.

"तुझा जीव होता त्याच्यावर. म्हटलं, कशाला..."

"तू सांगतोस तेवढंच मला दिसतं, विल्फ. त्यात भेसळ करू नकोस."

विल्फ उठला. त्याने पायातली सपात काढून मला फेकून मारली. "कमावली? चोरली म्हण की रे! एकदा तरी चोरली म्हण!" तो ओरडला. मग खाली बसला आणि म्हाताऱ्या माणसाने रडू नये तसा रडला. डोरीनने चाचपडत त्याचं डोकं जवळ घेतलं. "चुकलं गं माझं," तो म्हणाला. "यापुढे जसं दिसेल तसं सांगेन. शपथ."

ती शपथ पाळायला त्याला पुरता उन्हाळाही मिळाला नाही. एका सकाळी चहा ओतताना किटली खाली पडली. पक्षाघात. इस्पितळातून तो चाकांच्या खुर्चीत परतला तो उजवा हात आणि वाचा घालवून.

नवा मोसम सुरू झाला तेव्हा हेझेलने दोघांना माझ्यासमोर बसवलं. "आई, आवाज मोठा ठेवते हं, म्हणजे तुला सगळं कळेल," असं म्हणून ती गेली. बिचारीला काय ठाऊक!

माझ्यातले चौघे सुरू झाले. एकाच्या नव्या बुटांवर बाकीचे तिघे हसत होते. मॅच सुरू झाली तरी समालोचकाची जुनी गोष्ट संपेना.

"विल्फ, कुणाकडे आहे बॉल?"

विल्फने तोंड उघडलं. घशातून नुसता घोगरा आवाज आला. त्याने पुन्हा जोर लावला, मान लाल झाली. "राहू दे," ती म्हणाली, "राहू दे रे." आणि तिने त्याचा चालता हात हातात घेतला.

तेव्हा विल्फने तिचा तळवा उलटा केला आणि त्यावर बोट टेकवलं. बोट हळूच डावीकडे गेलं, थांबलं, मग झरझर करंगळीकडे धावलं. "आपला आहे? आपण पुढे चाललोय?"

बोट तळव्याच्या टोकाशी जाऊन थरथरलं. गर्दी गर्जली.

"गोल? विल्फ, गोल झाला? की वाचवला?"

बोटाला हो म्हणता येईना, नाही म्हणता येईना. विल्फच्या गालावरून पाणी ओघळलं, तेही तिला दिसलं नाही. आणि मी, सगळं पाहिलेला मी, कुणाच्या तरी केसांबद्दल बडबडत होतो.

कोट घालून माझ्यात बसणाऱ्यांनो, मी तुमच्या पाया पडतो. तुमचे बाण, तुमच्या आठवणी, तुमचं हसू, सगळं ठेवा तुमच्याकडे. थॉर्नडेलमध्ये एक बाई तळहात उघडा धरून बसली आहे. तिला फक्त काय झालं ते सांगा.