पडदा कशाचा ते सांगा

मित्रांनो, मला येताना पाहून कुणाचा चेहरा खुलला, असे माझ्या सुरुवातीच्या वर्षांत तरी कधी घडले नाही. मी इस्पितळातला एक जुना पडदा आहे. खिडकीवर टांगलेला नव्हे, चाकांवर फिरणारा. लोखंडी नळ्यांच्या तीन चौकटी, त्यांना जोडणाऱ्या बिजागऱ्या, अंगावर हिरवे कापड आणि प्रत्येक पायाला एक चाक. स्वस्थ उभे राहणे मला ठाऊकच नाही. दारातून वारा आला की मी सरकतो. जवळच्या रुळांवरून मालगाडी गेली की माझे सगळे सांधे खुळखुळतात.

तो कोळशाच्या इंजिनांचा काळ होता. आमचे रेल्वेचे लहानसे इस्पितळ झाशी स्टेशनच्या पलीकडे होते. आता ते नाही. बापूराव नावाच्या फिटरने रेल्वेच्या कारखान्यात उरलेल्या नळ्या कापून मला घडवले. शेवटी एक चाक कमी पडले. बापूरावाने इकडेतिकडे पाहिले, मोडक्या हातगाडीचे चाक काढून माझ्या पायात बसवले आणि म्हणाला, "चालेल. याला काय दिल्लीपर्यंत जायचंय?" दिल्लीपर्यंत नाही, पण त्या वॉर्डात मी त्याहून जास्त फिरलो असेन. आणि मी हललो की ते उसने चाक असे किंचाळे की निजलेला माणूस उठून बसावा.

माझे काम काय होते, ते सांगायला मला आजही जड जाते. एखाद्या रोग्याचा शेवट जवळ आला की त्याच्या खाटेभोवती मला उभे करत. बाकीच्यांनी ते पाहू नये म्हणून. हेतू चांगला होता, पण त्यामुळे झाले भलतेच. माझ्या चाकाचा आवाज आला की सारा वॉर्ड चिडीचूप होई. गप्पा थांबत, घास हातात राही. मी कुठल्या खाटेपाशी थांबतो, इकडे सगळ्यांचे डोळे. कोपऱ्यातला म्हातारा पॉइंट्समन, एके काळी रुळांचे सांधे बदलणारा, हात जोडून पुटपुटे, "परदा आ गओ भैया. अब राम को नाम लो." मला ओरडून सांगावेसे वाटे, अरे बाबांनो, मी नुसते कापड आहे! पण मला आवाज होता तो त्या चाकाचाच, आणि त्याने ते आणखीच घाबरत.

त्या वॉर्डात स्नेहलता नावाची नर्स होती. नगरकडची ख्रिस्ती घरातली मुलगी, शिकून इतक्या लांब नोकरीला आलेली. दिवसभर हिंदी बोलून तिची जीभ थके. कुणी मराठी रोगी आला की ती औषध द्यायला उगाच दोनदा येई. एका उन्हाळ्यात तसा एक रोगी आला. मार्तंड त्याचे नाव, घर खंडेराव गेटजवळ. यार्डात डबे जोडताना त्याची मांडी चेपली होती. डॉक्टरांनी हाड बसवून पायाला दोरीने वजने बांधली होती आणि बजावले होते, "ही दोरी सुटली, पाय हलला, तर हाड आतली रक्ताची नळी फाडेल. मग माझ्याही हातात काही राहणार नाही."

मार्तंडला वेदनेने झोप नव्हती. अपघात झाल्यापासून त्याचा डोळा लागला नव्हता. त्याचे वडील विश्वंभरपंत उशाशी स्टुलावर बसून राहत. मोठे कर्मठ गृहस्थ. पिढ्यान्‌पिढ्या झाशीत राहून हिंदीत मुरलेले, पण संध्या कधी चुकवली नाही. आणि पायथ्याशी उभी असे त्याची बायको, कमल. हनुवटीपर्यंत पदर ओढलेला. त्या घरात सून सासऱ्यापुढे तोंडातून शब्द काढत नसे. त्यात चहूकडे परके पुरुष! ती घरून मऊ भात आणी, वाटी सासऱ्याच्या हाती देई आणि खाली पाहत उभी राही. मरणाच्या दारातून परतलेल्या नवऱ्याला तिने "कसं वाटतंय?" एवढेसुद्धा विचारले नव्हते. आतल्या आत तिची नुसती घालमेल चालली होती. अस्वस्थ माणूस मला लगेच ओळखू येतो.

स्नेहलतालाही ती घालमेल ओळखू आली. एका दुपारी विश्वंभरपंत आवारातल्या नळावर अंघोळीला गेले. ती तडक कोपऱ्यात आली आणि मला ढकलत निघाली. माझे चाक किंचाळले. वॉर्ड गपगार झाला. मी मार्तंडच्या खाटेभोवती उभा राहिलो आणि मलाही वाटले, याचा शेवट आला. इतका तरणा माणूस! पण स्नेहलता कमलला हलकेच म्हणाली, "आता कोणी बघत नाही. बसा त्यांच्याजवळ. बोला." एवढ्यात डॉक्टरांची हाक आली आणि ती गेली. मला तिथे का उभे केले, हे तिने वॉर्डात कुणालाच सांगितले नाही. चांगल्या कामाची दवंडी कशाला पिटायची, असे तिला वाटले असावे.

कमलने पदर मागे सारला. एक-एक घास भरवत ती काय काय सांगत सुटली! नणंदेचे पत्र, पाणी भरताना झालेले भांडण, मांजराने सांडलेले दूध. मार्तंड हसला. "बोल ना, थांबू नको, भला लगता है," तो म्हणाला, आणि तिचे बोलणे ऐकता ऐकताच त्याला झोप लागली. गाढ, घोरण्याचीही ताकद नसलेली झोप. कमलच्या डोळ्यांना धार लागली. तोंडात पदराचा बोळा धरून ती हुंदके देत होती. मित्रांनो, ते सुखाचे रडणे होते. माझ्या आडोशाला असले रडणे मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

बाहेर मात्र पॉइंट्समनने आपले काम केले होते. कुणाला तरी नळाकडे पिटाळले होते, "पंडितजी से कह दो, परदा लग गओ."

विश्वंभरपंत ओलेत्याने धावत आले. मागे धाकटा मुलगा गजानन, हातात कुणाकडून तरी मागून आणलेला गंगाजलाचा लोटा. त्यांना माझे हिरवे कापड दिसले, आतून सुनेचे हुंदके ऐकू आले. आणखी काय हवे होते? कापड सारून ते आत शिरले. मार्तंड निपचित पडलेला. कमलने झटकन पदर ओढला आणि ती भिंतीशी सरकली.

"खाटेवर नको," पंत म्हणाले. "आमच्यात कोणी खाटेवर गेलं नाही. जमिनीवर घ्या त्याला. गजानन, तो पाय सोडव." त्यांनी खाली वाकून फरशीवर पाणी शिंपडले, हाताने जागा पुसली.

गजाननने डोळे पुसले आणि दोरीच्या गाठीला हात घातला.

मी कमलकडे पाहत होतो. तिचे ओठ हलत होते, शब्द फुटत नव्हता. लग्न झाल्यापासून या माणसापुढे ती एक अक्षर बोलली नव्हती. बोल गं बाई, बोल! गाठ सैल होत होती. वजने डुलू लागली.

तेवढ्यात तिने दोन्ही हातांनी मला असा काही धक्का दिला की मी शेजारच्या खाटेपर्यंत गेलो. चाक जन्मात किंचाळले नव्हते तसे किंचाळले. तिचा पदर खांद्यावर आला होता. साऱ्या वॉर्डासमोर ती ओरडली, "मामंजी, हात लावू नका! झोपलेत ते! झोप लागलीय त्यांना!"

आणि खाटेवरून, डोळेही न उघडता, मार्तंड वैतागून म्हणाला, "अरे, सोने दो ना यार."

गजाननने दोरी अशी घट्ट धरली की स्नेहलता धावत येऊन गाठ पक्की करीपर्यंत त्याची बोटे सुटली नाहीत. विश्वंभरपंत मुलासाठी पुसलेल्या त्या जागेवर स्वतःच मटकन बसले आणि लहान मुलासारखे रडले.

स्नेहलता बराच वेळ माझी नळी धरून उभी होती. न सांगता पडदा लावला तर काय होते, ते तिने पाहिले होते. त्या दिवसापासून तिने एक रीत पाडली. मला हलवण्याआधी ती वॉर्डाच्या मधोमध उभी राही आणि मोठ्याने सांगे, "परदा नहाने का है!" "परदा पट्टी बदलने का है!" किंवा, "परदा बातें करने का है, कोई झाँकेगा नहीं!" मग हशा पिके. त्याच पॉइंट्समनने एकदा स्वतःसाठीही पडदा मागितला, "सिस्टर जी, हमाओ परदा कबै आहै?" आणि खरोखरच कुणाचा शेवट आला, की ती ओरडत नसे. घरच्या माणसांजवळ बसून खालच्या आवाजात सांगे. पण सांगे.

मार्तंड काठी टेकत घरी गेला. दारात टांगा उभा होता. विश्वंभरपंत घसा खाकरून म्हणाले, "सूनबाई, टांगेवाल्याला घर तुम्हीच सांगा. तुमचा आवाज चांगला पोचतो." पदराआड कमल हसली, आणि तिने सांगितले.

आज मी एका गोदामात पडून आहे. कापड केव्हाच विरले. चौकटींवर कुणीतरी पोती वाळत घालते. इंजिने बदलली, पण गाडी गेली की माझे सांधे अजून खुळखुळतात, आणि मला उगाच वाटते, कुठे तरी कुणाभोवती न सांगता पडदा लागतो आहे. मला तेल नको, रंग नको. मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी डॉक्टर होईल, कुणी नर्स, आणि आजाऱ्याच्या उशाशी तर कधी ना कधी सगळेच बसाल. पडदा ओढण्याआधी आतल्याला आणि बाहेरच्याला एक शब्द सांगा. आणि तुम्ही बाहेर उभे असाल, तर गाठीला हात घालण्याआधी आत जी कुणी रडते आहे, तिला एकदा विचारा.