साडेपाच तासांचं न्यूयॉर्क

अनंतरावांची अट साधी होती. पत्नी शारदाबाईंचे गुडघे नागपूरपर्यंतच चालतात. रायपूर-नागपूर, रेल्वेचे साडेपाच तास, त्यापुढे पाऊल नाही. लेक निधी न्यूयॉर्कला बाळंत होणार म्हणून काय गुडघे बदलणार होते?

तरीही सून अनुश्री विमानाच्या वेळा छापून घेऊन आली.

"दिल्लीहून रात्री एक," रेल्वेत जन्म गेलेल्या अनंतरावांनी चष्मा सारला. "न्यूयॉर्क सकाळी साडेसहा. तारीख तीच." मग त्यांनी आयुष्यभर केली तशी वजाबाकी केली. दिब्रुगड असो की द्वारका, रेल्वेचं घड्याळ एकच. "साडेपाच तास! अवं शारदा, हे तं नागपूरच झालं!"

तिकडचं घड्याळ मागे असतं बाबा, एवढंच अनुश्रीला म्हणायचं होतं. तिनं तोंड उघडलं, तर कडेवरच्या लेकीनं, इंदूनं, नेमका त्यात आपला चिमुकला हात घातला. अनुश्रीनं तो काढला नाही. उलट मुका घेतला.

"दिल्लीपर्यंत विमानानं दोन तास. तिथं तुह्या भावाकडे आराम करजो, मंग जा," अनंतरावांनी हुकूम सोडला.

संध्याकाळी ब्राह्मणपाऱ्यातल्या नत्थूच्या पानठेल्यावर अनंतराव तेच सांगत होते. "अपना रायपुर अब राजधानी है भैया! अमेरिका मतलब नागपुर बराबर. टाइमटेबल पढ़ना आना चाहिए." दुसऱ्या दिवशी गोल बाजारातल्या भांडीवाल्यालाही कळलं.

इंदूला तेल लावणाऱ्या सासूजवळ अनुश्री येऊन बसली. "आई, प्रवास जरा लांबचा वाटेल हं."

"पाहू," म्हणत शारदाबाईंनी नातीचे पाय पोटाशी दुमडले. "आत्याले बाळ होनार नं वं, पोट्टे?"

चौथ्या दिवशी अनंतराव पानावर बसता बसता म्हणाले, "अनुश्री, नत्थू विचारून राहिला, अंतर किती?"

खोटं बोलायची सोय होती. पण आकडाच तोंडून निसटला. "बाराएक हजार किलोमीटर, बाबा."

त्यांनी पेपरच्या कोपऱ्यावर भागाकार केला. पेन्सिल थांबली. "तासाले बावीसशे? विमान आहे का बंदुकीची गोळी?"

मग सगळंच सांगावं लागलं. मागे असणारं घड्याळ, खरे पंधरा तास.

"म्हणजे तू मले फसवून राहिली होती!"

"तिच्यावर काहून ओरडता?" शारदाबाई पोळी वाढत म्हणाल्या. "मले तं निधीनं फोनवर पहिलेच सांगतलं होतं."

अनुश्री बघतच राहिली. "आई, तुम्हाला माहीत होतं?"

"हव."

"जाणं रद्द!" अनंतरावांनी ताट सरकवलं.

"करा नं. पहिले नत्थूले सांगून या, टाइमटेबल वाचायले चुकलो म्हणून. मंग गोल बाजारात जा."

इंदू ताटातला भात भुईवर मांडत होती. अनंतरावांनी हळूच ताट पुन्हा पुढे ओढलं.

"चुकलो कुठं? टाइमटेबलात साडेपाचच आहेत. गाडी साडेनऊ तास लेट आहे, ते वेगळं." त्यांनी पोळीचा तुकडा मोडला, आणि मान वर न करता म्हणाले, "एवढ्या लेट गाडीत बसून राहू नको, शारदा. तासातासाले उठून फिरजो."