अमृतमुखाची चूळ

सायकल दुरुस्तीच्या दुकानावरचा तो हॉल एरवी नाटकाच्या तालमींना भाड्याने देतात. त्या सकाळी मात्र तिथे पाय ठेवायला जागा नव्हती. जिन्यावर माणसं, खिडकीत माणसं, मागच्या बाकांवर उभी राहिलेली माणसं, आणि सगळ्यांच्या माना एकाच दिशेला ताणलेल्या. समोर टेबलावर काचेचं मोठं भांडं होतं आणि भांड्यात शाई ओतावी तसं काळंनिळं पाणी.

"बघा, निवळतंय! अहो, खरंच निवळतंय!"

काळ्याचं जांभळं झालं, जांभळ्याचं तांबूस, आणि बघता बघता पाणी जवळजवळ स्वच्छ. ज्याने त्या पाण्यात हात धुतले होते तो म्हातारा घड्याळजी हुंदके देऊन रडायला लागला. हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला.

टेबलामागे गुबगुबीत, गुळगुळीत चेहऱ्याचे एक गृहस्थ डोळे मिटून बसले होते. लोक त्यांना अमृतमुख म्हणत. आता त्यांनी डोळे उघडले.

"हे काय होतं? पाणी? नाही! हे होतं तुमच्या अंगात साठलेलं विष! विष कुठून उतरतं? तळव्यातून! विषाला उतारा काय? अमृत! आणि अमृत कुठे असतं? आकाशात? नाही! जो जन्मात कधी खोटं बोलला नाही, त्याच्या मुखात!"

जन्मात खोटं न बोललेल्या माणसाला एवढं भराभर बोलायची सवय कशी लागते, हा प्रश्न मला तिथल्या तिथे पडला. पण मी गप्प बसले, कारण रांगेत पुढचा नंबर माझ्या वहिनीचा होता.

त्यांची पद्धत अशी होती. आधी तळहातांना पांढरट, चिकट, गार लेप लावायचा. मग फिकट पिवळ्या कोमट पाण्यात हात धुवायचे, की पाणी काळं ठिक्कर! मग अमृतमुख साध्या पाण्याचा घोट घेऊन बराच वेळ तोंडात घोळवणार आणि ती चूळ भांड्यात सोडणार. शिष्य एक लांबलचक गाणं म्हणणार, आणि गाणं संपेपर्यंत विष गायब.

वहिनीचंही तसंच झालं. अमृतमुख प्रसन्न हसले. "ताई, साखरेचं विष गेलं. आता ती सुई फेकून द्या. पुढच्या बैठकीला या, उरलंसुरलं काढून टाकू."

इथे मात्र माझा तोल गेला. मी कॉलेजात जीवरसायन शिकवते. वहिनीच्या शरीरात तरुणपणापासून इन्शुलिन तयारच होत नाही, तिची सुई म्हणजे तिचा श्वास. मी बाकावर चढून ओरडले, "यांच्या तोंडात लिंबू आहे! नाहीतर कसली तरी आंबट गोळी! त्याने रंग उडतो!"

सगळा हॉल माझ्याकडे वळला. अमृतमुख जराही डगमगले नाहीत. गर्दीतल्या दातांच्या डॉक्टरांना त्यांनी पुढे बोलावलं आणि जबडा वासला. डॉक्टरांनी मोबाइलचा दिवा लावून, जीभ उचलून सगळं तपासलं.

"एक दाढ किडली आहे," ते म्हणाले. "बाकी काही नाही."

हॉल खो खो हसला. माझा भाऊ कानापर्यंत लाल झाला. "मास्तरीणबाई, झालं समाधान? चारचौघांत शोभा करून घेतलीस!"

खरं सांगते, तोंडावर आपटले होते मी. तपासल्याशिवाय बोलू नये, हे वर्गात पोरांना सांगणारी मीच.

सुई बंद करू नये म्हणून घरी मी वहिनीच्या हातापाया पडले. ती चिडली नाही. उलट हसून म्हणाली, "वन्सं, पोटावर, मांडीवर, दंडावर सुई टोचायला जागा उरली नाही हो. तुमचे डॉक्टर येताना म्हणतात 'घ्या', जाताना म्हणतात 'घ्या'. का घ्यायची, हे कधी कोणी बसून सांगितलंय? त्या माणसाने निदान काहीतरी दाखवलं." मी कपाळावर हात मारून निघून आले.

दोन दिवसांनी, पुढच्या बैठकीच्या दिवशी सकाळीच मी दादाच्या दुकानात गेले. त्याची लॉन्ड्री आहे. पुढे काउंटर, मागे वाफेच्या इस्त्र्या, आणि कोपऱ्यात खळीचं घमेलं. कडक कॉलरसाठी आमच्याकडे अजून शिजवलेली खळ वापरतात, आणि दादाचे हात दिवसभर कोपरापर्यंत त्या खळीत असतात. वहिनी स्टुलावर बसली होती. मागच्या बैठकीपासून तिने सुई बंद केली होती. शेजारी पाण्याचा जग रिकामा होता, आणि ती दुसरा भरून आणायला सांगत होती. चेहरा ओढलेला, श्वास जड.

दादा मात्र खुशीत होता. "ये, ये! वहिनीजवळ जा, वास घे. सकाळपासून तिच्या तोंडाला पिकलेल्या फळांचा वास येतोय. अमृत भिनलंय म्हणाले शिष्य फोनवर!"

मी जवळ जाऊन वास घेतला. तो वास मी ओळखत होते. शरीराला साखर वापरता आली नाही, की ते चरबी जाळायला लागतं, आणि त्या जळणाचा धूर म्हणजे हा गोड वास. पुढची पायरी बेशुद्धी.

"दादा, गाडी बोलाव. हॉस्पिटल. आत्ताच्या आत्ता!"

"बैठक झाल्यावर," वहिनी पुटपुटली. "मी कुठे जाणार नाही. आधी बैठक."

"अगं, पण..." दादा गोंधळला आणि घाईघाईत हातातला शर्ट बाजूला फेकायला गेला. कॉलरमधली टाचणी खच्चकन बोटात घुसली. "आईगं!" करत त्याने प्रथमोपचाराचा डबा उघडला, आयोडीनची बाटली काढली आणि चांगलं भसाभसा ओतलं.

आणि तो किंचाळला.

त्याचं बोटच काय, अख्खा पंजा काळानिळा झाला होता. "विष! बघ, माझ्यातही विष आहे! आणि लेप न लावताच बाहेर आलं!"

मी त्याच्या हाताकडे बघत राहिले. खळीने माखलेला हात आणि वर आयोडीन. आणि मग मला हसू फुटलं, रडू आणि हसू एकदमच. अरे देवा! दरवर्षी पहिल्याच आठवड्यात मी हे शिकवते! पोरं फळ्याकडे न बघता मोबाइल बघत असतात, तेव्हा हेच बोंबलून सांगते!

"दादा, ते विष नाही, तुझी खळ आहे! खळीतलं पिष्ट आणि आयोडीन एकत्र आले की असाच रंग येतो. त्यांचा लेप म्हणजे खळच, आणि पिवळं पाणी म्हणजे आयोडीन! कामावरच्या पोराला म्हण गाडी आण, आणि मला एक पातेलं दे."

"आणि ते अमृत?" वहिनीने मान वर केली. तिला ऐकायचं होतं, एवढं माझ्या लक्षात आलं.

"गाडी येईपर्यंत दाखवते."

पातेल्यात कोमट पाणी, त्यात चमचाभर खळ, त्यावर आयोडीनचे थेंब. पाणी काळं झालं. काउंटरवर कपडे न्यायला आलेली दोन गिऱ्हाइकंही आत डोकावली. मी पाणी दोन वाट्यांत ओतलं आणि एक दादापुढे धरली.

"पाण्याचा घोट घे, तोंडात घोळव, आणि थुंक यात."

"मी? माझ्यासारखा? मी तर काल टॅक्सवाल्याशी खोटं बोललोय!"

"थुंक रे!"

दादाने चूळ टाकली. आम्ही सगळे वाकून बघत होतो. काळ्याचं जांभळं झालं, जांभळ्याचं तांबूस. गाणं म्हणायला कोणी नव्हतं, म्हणून मीच समजावत होते. पिष्ट म्हणजे साखरेच्या मण्यांची लांब माळ. माळेच्या वेटोळ्यात आयोडीन जाऊन बसतं, म्हणून रंग दिसतो. आपल्या लाळेत एक पाचक द्रव्य असतं, ते कात्रीसारखं माळ कापत सुटतं. वेटोळंच राहिलं नाही, तर रंग कुठून राहणार? कोरडा पाव बराच वेळ चघळला की गोड लागतो, तो याच कात्रीमुळे.

"म्हणजे त्यांच्या तोंडात काहीच नव्हतं?" दादाने विचारलं.

"लाळ होती! मी लिंबू शोधत बसले, आणि गंमत म्हणजे त्या माणसाला काही लपवायची गरजच नव्हती. दुसऱ्याची थुंकी झेलतात म्हणतात ना, आपण शब्दशः झेलत होतो."

वाटी स्वच्छ झाली. मग दादाने दुसरी, काळी वाटी उचलून वहिनीसमोर धरली. "आता तू," तो म्हणाला.

"माझ्या तोंडाला कोरड पडलीय हो," ती म्हणाली. तिने घोट घेतला. बराच वेळ गाल हलवत राहिली. ती चूळ वाटीत पडली, पण पाणी काळंच राहिलं. लाळ सुटलीच नसेल तर? मग कडेने रंग फुटायला लागला. हळूहळू, फार हळू, पण फुटला.

वहिनी त्या वाटीकडे एकटक पाहत होती. "माझंच तोंड," ती म्हणाली. "म्हणजे माझं साखरेचं विष कधी गेलंच नव्हतं." आणि मग तिने स्वतःहून हात पुढे केला. "उठवा मला."

गाडी दारात आली होती. हॉस्पिटलमध्ये तिला शिरेतून पाणी आणि इन्शुलिन लावलं. डॉक्टर बाहेर येऊन दादाला म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता तर मी काही करू शकलो नसतो. दादा भिंतीला टेकून मुलासारखा रडला, आणि मीही.

ती धोक्याबाहेर आल्याचं कळल्यावर दादाने डोळे पुसले आणि मला तिथेच ठेवून गेला. कुठे, ते मला नंतर गिऱ्हाइकांकडून कळलं. तो थेट संध्याकाळच्या बैठकीत गेला होता, खळीचं घमेलं, वाट्या आणि आयोडीनची बाटली घेऊन. टेबलावर चढून म्हणाला, "मीही अमृतमुख आहे! काल टॅक्सवाल्याशी खोटं बोललोय, तरी आहे! या, कोणीही या!" आधी दातांचे डॉक्टर थुंकले, मग घड्याळजी थुंकला, मग अख्खी रांग. सगळ्या वाट्या निवळल्या. अमृतमुख महाराज तेवढ्यात मागच्या जिन्याने उतरले, आणि त्यांच्या मागोमाग गाणं म्हणणारे शिष्य. तक्रार गेलेली आहे. पोलिसांना मी त्या हॉलचा पत्ता दिला, तुम्हाला देत नाही.

घड्याळजीने त्या गर्दीत दादाला एकच विचारलं म्हणे. "मग माझी गुडघेदुखी कमी कशी झाली होती?" दादाला उत्तर येत नव्हतं, आणि तो तसं म्हणाला. माझ्या मते सगळ्यांत शहाणं वाक्य तेच. दुखणं आपलं आपण कमी-जास्त होतं, विश्वासानेही थोडं हलकं वाटतं. त्याला कोणाच्या चुळीची गरज नसते. पण साखर वापरायला लागणारं इन्शुलिन विश्वासाने तयार होत नाही.

दुसऱ्या दिवशी वहिनी उशीला टेकून बसली होती. डॉक्टर येऊन नेहमीप्रमाणे म्हणाले, "इंजेक्शन घ्यायचं हं, चुकवायचं नाही."

"का?" वहिनीने विचारलं.

डॉक्टर थबकले. "का म्हणजे?"

"म्हणजे का. गोळी करून का देत नाही? सुईच का?"

डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मग खुर्ची ओढून बसले. "इन्शुलिन म्हणजे कणांची एक लांब माळ आहे," ते म्हणाले. "तोंडाने दिलं, तर तुमचं पोट ती माळ कापून टाकेल. जसा तुम्ही खाल्लेला घास कापतं, तसं. म्हणून ते पोटाला वळसा घालून, कातडीखालून द्यावं लागतं."

"एवढंच होतं?" वहिनी म्हणाली. "मग हे मला इतकी वर्षं कोणी सांगितलं का नाही?"

डॉक्टरांनी मान खाली घातली. मीही घातली, कारण मी तर घरातलीच होते. चमत्कारवाल्यांना आपण हसतो ते ठीक, पण लोक त्यांच्याकडे जातात ते कोणी तरी समोर बसून दाखवतं म्हणून. आपण दाखवावं, आणि तुम्ही विचारावं. जो तुमच्या 'का'वर चिडतो, त्याच्याकडून औषध घेऊ नका, मग तो भगव्यात असो की पांढऱ्या कोटात. आणि जो म्हणेल की हे फक्त मलाच जमतं, त्याला म्हणा, बाजूला हो, आधी मी करून बघते.

वहिनीने सुईची पेटी स्वतः उघडली, पोटावरची एक जागा बोटाने चाचपली आणि म्हणाली, "आता टोचताना निदान कशासाठी टोचतेय ते कळेल." तिने श्वास रोखला आणि टोचून घेतलं.