चौथ्या डब्याची हवा

तेव्हा मी प्रयोगशाळेत हंगामी होते. काम होतं मातीतून निघणारी हवा गोळा करायचं. प्रयोगाच्या शेतात बारा लोखंडी चौकटी ठोकलेल्या होत्या. चौकटीवर डबा पालथा घालायचा, कडेच्या खाचेत पाणी भरायचं म्हणजे हवा निसटत नाही, आणि दर दहा मिनिटांनी सुईने थोडी हवा ओढून काचेच्या कुपीत भरायची. खतातल्या नत्राचा थोडा भाग मातीतले जंतू वायू करून वर सोडतात आणि तो वायू जगाला तापवतो, असं प्रयोगाच्या प्रमुख असलेल्या आमच्या बाईंनी पहिल्या दिवशी सांगितलं. मला हसू आलं होतं. माती श्वास सोडते हे घरी कुणी बोललं नव्हतं.

चौथा डबा मात्र इतरांच्या नऊपट आकडा द्यायचा. प्रत्येक खतानंतर, सलग दोनदा.

"तुझा हात चुकतोय," बाई म्हणाल्या. "पुढच्या खतालाही असंच आलं तर मी दुसरी मुलगी बघते."

हात चुकला असता तर बाराही डबे चुकले असते. पण हंगामी माणसाचं कोण ऐकतं? चोर सोडून संन्याशाला फाशी. धाकट्या बहिणीचं कॉलेज माझ्या पगारावर चालायचं.

पुढच्या खताच्या सकाळी मी बांधावर जाऊन बसले. खत टाकायचे शेतावरचे म्हातारे मजूर काका. सरळ ओळ, मोजून मारल्यासारखी मूठ. शेवटची ओळ चौथ्या चौकटीशी संपली. तिथे त्यांनी गोणी उलटी केली आणि दोनदा झाडली.

"काका, हे काय?"

"गोणी रिकामी दिसते गं पोरी, पण मूठभर निघतंच. वाया कशाला घालवायचं?"

"दर वेळी इथेच?"

"ओळ इथे संपते. मग काय तुझ्या डोक्यावर झाडू?"

मी सुटले होते, पण आता ते अडकणार होते. तसं म्हटल्यावर काका स्वतःच पुढे निघाले. "चल, मी सांगतो. खतच टाकलंय, विष नाही."

बाईंनी ऐकून घेतलं. आकडा खोडायला पेन उघडलेलंच होतं.

"चाळीस वर्षं अशीच झाडतोय, बाई. सगळेच झाडतात."

"सगळेच?"

"शेवटच्या ओळीला. आणखी कुठे झाडणार?"

म्हणजे प्रत्येक शेतात असा एक चौथा डबा असणार. बाईंनी पेनाला टोपण लावलं. आकडा तसाच राहिला. माफी वगैरे काही मागितली नाही, मला एवढंच म्हणाल्या, "उद्या आठला ये."

मी तिथे अकरा वर्षं होते. वह्यांत माझ्या अक्षरात अजून असेल: डबा चार, गोणी झाडली. काका झाडण्याआधी शेताच्या टोकावरून ओरडायचे, "लिही गं, झाडतोय!"