दगडांच्या विहिरी

कुझे यांच्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. पत्र सभ्य होतं, ब्रशाच्या पेनाने हाताने लिहिलेलं होतं, आणि माझ्यासारख्याला कुणी इतक्या आदराने लिहावं याचाच मला आधी संकोच वाटला. मी आमच्या गावच्या वाचनालयात आयुष्य काढलं. निवृत्त झाल्यावर इथल्या तेलाच्या विहिरींवर एक पातळ पुस्तिका लिहिली. तिच्या बहुतेक प्रती अजून वाचनालयाच्या माळ्यावरच आहेत. कुझे यांनी ती वाचली होती.

ते तोक्योचे. दोन हजार आठच्या उन्हाळ्यात पेट्रोलचा भाव भडकला, तेव्हा आमच्या बंद विहिरी पुन्हा उघडू म्हणणारी एक मंडळी निघाली, तिचे ते सल्लागार. जगातलं तेलाचं उत्पादन एक दिवस शिखर गाठणार आणि मग उतरणीला लागणार, ही सगळी घाबरटांची बडबड आहे, अशा अर्थाचं पुस्तक ते लिहीत होते. दाखला म्हणून त्यांना आमचं गाव हवं होतं आणि माझ्याकडून, माझ्या नावासह, एकच वाक्य: 'विहिरी बंद झाल्या त्या दिवशी सतराच्या सतरा चालू होत्या.'

म्हणजे तेल होतं, माणसांनी सोडलं.

उत्तर लिहायला मी कितीदा तरी बसलो. दर वेळी सुरुवात 'माझ्या अल्प माहितीप्रमाणे' अशी व्हायची आणि पुढे हात चालायचा नाही. शेवटी ते पत्र घेऊन मी तोकुदादाकडे गेलो.

मागारा तोकुजी शाळेत माझ्या पुढे होता, म्हणून मला तो अजूनही दादाच. विहिरींच्या पंपघरावरचा तो शेवटचा माणूस. ओसरीवर पाय सोडून तो हिरव्या शेंगा सोलत होता. मी पत्र वाचून दाखवलं.

"सतरा हलत होत्या हे खरंय," तो म्हणाला. "हलायला काय, दगडही हलतो."

बाहेरच्यांना हे कळणार नाही, म्हणून सांगतो. आमच्याकडे प्रत्येक विहिरीला वेगळं इंजिन नव्हतं. पंपघरात एक मोठं आडवं चाक. त्याच्यापासून लोखंडी सळया टेकडीभर चारी बाजूंना गेलेल्या, लाकडी बेचक्यांवर टेकत टेकत, एकेका विहिरीपर्यंत. चाक फिरलं की पूर्वेची सळई ओढली जायची आणि पश्चिमेची सैल पडायची. एका विहिरीचं वजन दुसरीला उचलायचं. त्यातली एक विहीर आटली आणि सोडवून टाकली की तोल जायचा, चाक आदळायचं. मग त्या सळईच्या टोकाला तेवढ्याच वजनाची लाकडी पेटी टांगायची, दगडांनी भरलेली. पेटी वरखाली होत राहायची. लांबून पाहणाऱ्याला विहीर चालूच दिसायची.

"शेवटच्या दिवशी सहा," तोकुदादा म्हणाला. "बाकी दगड. गावात कुणाला माहीत नाही सांग."

सगळ्यांना माहीत होतं. त्या पेट्यांवर बसून झोके घेतच आमची पिढी मोठी झाली. संताप येतो तो याचा.

विहिरी बंद व्हायच्या आदल्या वर्षी कंपनीच्या मुख्य कचेरीतून एक साहेब पाहणीला आला होता. गावच्या चार मोठ्या माणसांनी तोकुदादाला बजावलं होतं, चाक फिरतंय ते दाखव आणि गप्प बस. साहेबाने विचारलं, "किती चालू?" तोकुदादाने सांगितलं, सहा. त्याला खोटं बोलता आलं नाही, त्यात शौर्य वगैरे काही नव्हतं. ज्या चाकाला तो रोज तेल घालायचा त्याबद्दल विचारलं, त्याने सांगितलं. पुढे विहिरी बंद झाल्या आणि गाव म्हणालं, तोकुजीने बुडवलं. तेव्हापासून गल्लीत घरोघर फिरणारी सूचनांची पाटी त्याच्या दारी थांबेनाशी झाली. शेजारीण ती परस्पर पुढच्या घरी द्यायची. गटारं साफ करायचा दिवस कोणता, हे मित्सुए वहिनींना माझ्या बायकोला विचारावं लागायचं.

वहिनी जवाचा थंड चहा घेऊन बाहेर आल्या. "ऐकलंत का होकारी-सान? साकाझुमे आला होता काल. बारा वर्षं याला आमचं दार सापडत नव्हतं, काल बरोब्बर सापडलं. वर लाडू घेऊन आला होता."

साकाझुमे म्हणजे पेट्रोल पंपाचा मालक आणि या नव्या मंडळीचा गावातला पुढारी. पितरांच्या दिवसांत सगळी घरं पाहुण्यांनी भरतात. तो मोका साधून जुनं चाक विजेच्या मोटरवर फिरवून दाखवायचं, पाहुण्यांकडून सभासदत्वाचे कागद भरून घ्यायचे, असा त्यांचा बेत होता. आणि चाक सुरू करायला तोकुदादाच हवा होता.

"दादा, जाऊ नकोस," मी म्हणालो. माझ्या मानाने हे फारच ठाम बोलणं होतं. "तुला नुसतं उभं करतील. चाक फिरलं की म्हणतील, बघा, अशा चालत्या विहिरी बंद केल्या."

"ठाऊक आहे."

"मग?"

"मला बारा वर्षांत कुणी काही विचारलं नाही रे. शिव्या दिल्या, पण विचारलं नाही. परवा सगळे असतील, माझ्या हातात भोंगा देणारेत. एकदा सगळ्यांसमोर सांगून टाकतो. सहा होत्या म्हणून. मग मरायला मोकळा."

"हे बघा," वहिनी म्हणाल्या, "मरायच्या आधी त्या शेंगा सोलून संपवा."

त्या रात्री मी माझीच पुस्तिका काढून पुन्हा वाचली. लाज वाटावी इतकी बेतशीर लिहिली होती. आमच्याकडे सगळ्यांत जास्त तेल निघालं ते तैशो सम्राटाच्या काळात, माझ्या आजोबांच्या तरुणपणी. त्या वर्षी गावाने रेल्वेचा मालधक्का दुप्पट करायला घेतला, कारण पुढच्या वर्षी तेल दुप्पट होणार अशी खात्रीच होती. ते शिखर आहे हे कुणालाही कळलं नाही. पुढच्या वर्षी कमी निघालं, तेव्हा म्हणाले, बर्फ फार पडला. त्यानंतर म्हणाले, कामगार दुसरीकडे गेले. मग युद्ध झालं, मग नळ गंजले, मग परदेशी तेल स्वस्त झालं. प्रत्येक कारणात थोडं खरं होतं. पण जवळजवळ ऐंशी वर्षं एक गाव दर वर्षी नवं कारण शोधतं आणि विहिरीत वाकून पाहत नाही, हे मी कुठेच लिहिलं नव्हतं. 'उत्पादनात क्रमशः घट झाली' असं लिहून मोकळा झालो होतो.

समारंभाच्या सकाळी तोकुदादा कामावरचा जुना राखाडी शर्ट इस्त्री करून आला. गळ्याला तो सैल झाला होता. पंपघरासमोर खुर्च्या मांडल्या होत्या. परगावी राहणारे मुलगे, सुना, हातात पंखे घेतलेल्या म्हाताऱ्या, झाडून सगळे आले होते. कुझे पांढऱ्या शर्टात, चष्मा पुसत उभे. माणूस उद्धट नव्हता. उद्धट असता तर बरं झालं असतं.

तोकुदादाने चाकाभोवती एक फेरी मारली, दोन ठिकाणी वंगण भरलं, कळ दाबली. चाक कुरकुरलं आणि फिरायला लागलं. टेकडीवर सळया एकेक करून जाग्या झाल्या, पुढे मागे, पुढे मागे, आणि लांब झाडीत पेट्या वरखाली होऊ लागल्या. तो आवाज मी बारा वर्षांनी ऐकत होतो. खुर्च्यांवरची माणसं बोलायची थांबली. कुणीतरी डोळे पुसले. माझेही भरून आले, ते मी लपवणार नाही.

साकाझुमेने भोंगा घेतला. "मंडळी, या अशा सतरा विहिरी! चालत्या, धडधाकट! आणि आपण त्या बंद होऊ दिल्या. जगात तेल संपणार, संपणार म्हणून ओरडतात. आपलं संपलं होतं का? आता आमचे तोकु आजोबा दोन शब्द बोलतील."

तोकुदादाने भोंगा दोन्ही हातांनी धरला.

"सतरा नव्हत्या," तो म्हणाला. "सहा होत्या. बाकीच्यांना दगड लावले होते, शेवटचे तर मीच भरले होते. आज दिसतात ना, ह्याच त्या पेट्या. आज नाही लावल्या, तेव्हाच्याच आहेत. साकाझुमे, तू तिसऱ्या पेटीवर झोके घ्यायचास. पडलास आणि पुढचा दात पाडून घेतलास. आठवतं का?"

खुर्च्यांवर हशा पिकला. साकाझुमे सगळ्यांत मोठ्याने हसला आणि ओठ वर करून सोन्याचा दात दाखवू लागला. आणखी हसू.

"मी गंमत करत नाही," तोकुदादा म्हणाला.

कुझे पुढे आले. त्यांनी कमरेत वाकून विचारलं, "आजोबा, म्हणजे खाली तेल अजिबात नाही, असं म्हणायचंय का तुम्हाला?"

"आहे की. पुष्कळ आहे. टॉवेल पिळल्यावर कोरडा होतो का? ओला राहतोच. पण शेवटी शेवटी हात दुखून येतात आणि थेंब पडतो एक. आमचं इंजिन विहिरीच्याच गॅसवर चालायचं. शेवटी तेच सगळा गॅस खायला लागलं."

"पण भाव चढला तर पिळणारे हात मिळतात," कुझे हसून म्हणाले.

"आणि भाव असाच चढत राहिला," साकाझुमे ओरडला, "तर आजोबांच्या दगडांतूनही तेल काढू!"

आता टाळ्याही पडल्या. म्हाताऱ्या पंखे तोंडावर धरून हसत होत्या. त्याच पेट्यांवर झोके घेतलेल्या म्हाताऱ्या. तोकुदादा भोंग्यात काहीतरी बोलला, ते कुणाला ऐकू गेलं नाही. साकाझुमेने त्याची पाठ थोपटली आणि भोंगा अलगद काढून घेतला.

"होकारी-सान आहेत इथे," कुझेंनी मला पाहिलं. "तेच सांगतील. इतिहास त्यांनी लिहिलाय."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मी उभा राहिलो. कान तापले. "माझ्या अल्प माहितीप्रमाणे..." एवढंच बोललो. कुझेंनी वाट पाहिली, मग माझी अडचण ओळखून मोठ्या सौजन्याने वाकले आणि म्हणाले, "फार आभारी आहोत." मी बसलो. कागद वाटायला सुरुवात झाली.

परत येताना आम्ही तिघे कालव्याच्या कडेने चालत होतो.

"हसले रे सगळे," तोकुदादा म्हणाला. "आयुष्यात मी कधी कुणाला हसवलं नव्हतं."

मित्सुए वहिनी थांबल्या. "बारा वर्षं वाळीत टाकलं ते परवडलं," त्या म्हणाल्या. "तेव्हा निदान तुम्ही बोललात ते खरं धरून शिव्या तरी देत होते. आज तेसुद्धा नाही. तुम्ही बोललातच नाहीत असं करून टाकलं." मग माझ्याकडे वळल्या. मी त्यांना आयुष्यभर ओळखतो. अशा नजरेने त्यांनी मला कधी पाहिलं नव्हतं. "आणि तुम्ही, होकारी-सान. इतकी पुस्तकं वाचता."

आणि त्या पुढे चालू लागल्या.

घरी जाऊन मी टेबलाशी बसलो आणि जेवायला उठण्याआधी पत्र लिहून झालं होतं. मला वाटतं, आयुष्यात पहिल्यांदाच मी खोडाखोड न करता लिहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते तोकुदादाला वाचून दाखवलं:

'कुझे-सामा, उत्तराला उशीर झाला. विहिरी बंद झाल्या त्या दिवशी सहा विहिरी चालू होत्या. बाकीच्या सळयांना दगड टांगलेले होते. माझ्या वयाच्या इथल्या प्रत्येकाला हे माहीत आहे. मुख्य कचेरीने विचारलं तेव्हा ते सांगणारा माणूस मात्र एकच निघाला, श्री. मागारा तोकुजी. समारंभात तुम्ही ज्यावर हसलात तो विनोद नव्हता. जगातल्या तेलाचं पुढे काय होईल, ते मला माहीत नाही. पण आमचं तेल शिखरावर होतं तेव्हा ते आम्हाला कळलं नाही, आणि उतरणीवर होतं तेव्हा आम्हाला ऐकायचं नव्हतं. आम्ही शेवटपर्यंत हलणाऱ्या सळया मोजत राहिलो. माझं नाव छापायचं असेल तर हे सगळं छापा. नाहीतर नाव गाळा. मग हेच मी इथल्या वर्तमानपत्राला देईन.'

तोकुदादाने हातातली शेंग खाली ठेवली.

"श्री. कशाला लावलंस?"

"लावतात."

"हं." मग थोड्या वेळाने म्हणाला, "ती ओळ परत वाच. माझी."

मी परत वाचली. आतून भांड्यांचा आवाज येत होता, तो थांबला होता.

आमच्या भागातली टपालपेटी साकाझुमेच्या पंपासमोरच आहे. गाड्यांची रांग फुटपाथपर्यंत आली होती. दुसऱ्या दिवसापासून भाव आणखी वाढणार होता. साकाझुमे स्वतःच नळी हातात घेऊन उभा. मला पाहून त्याने टोपी उचलली.

"काय होकारी-सान, एवढ्या उन्हात? कुणाला पत्र?"

"कुझेंना."

"अरे वा! लिहिलंत तर अखेर! काय लिहिलंत?"

एरवी मी नुसता हसून मान झुकवली असती.

"सहा विहिरी," मी म्हणालो. आवाज माझ्या अंदाजापेक्षा बराच मोठा निघाला. रांगेतल्या दोघातिघांनी काचा खाली करून पाहिलं. "सहा. बाकी दगड."

आणि पत्र पेटीत टाकलं.