हो साहेब

"कामावर मास्क मिळायचा का?" पडद्यावरच्या, कंपनीच्या वकिलाने विचारलं आणि दुभाषी बाईने तो प्रश्न मराठीत सांगितला.

"हो साहेब, मिळायचा. वेळच्या वेळी," वाळूशेठ म्हणाला.

शेजारी बसलेल्या बायकोने कपाळावर हात मारून घेतला.

नव्याकोऱ्या पँटी जुन्या दिसाव्यात म्हणून त्यांच्यावर वाळूचा फवारा मारायचा, हे त्याचं काम. केसांत, कानांत इतकी वाळू घेऊन फिरायचा की कारखान्यात सगळे त्याला वाळूशेठच म्हणत. बायको तिथेच पँटींचे धागे कापायची. तिचं नाव पडलं कात्री. ते हातातल्या हत्यारामुळे की तोंडामुळे, हा वाद कधी मिटला नाही. पुढे त्या वाळूने त्याची फुप्फुसं खाल्ली. फवारा मारायच्या खोलीतले बाकीचे एकेक करून गेले, उरला तो एकटाच. पँटींवर जिचं नाव असायचं त्या बड्या परदेशी कंपनीवर तिच्याच देशात खटला उभा राहिला, तोवर त्याच्या नाकात ऑक्सिजनची नळी आली होती. कंपनीचं पालुपद एकच: कारखाना आमचा नाही, तिथे काय चालायचं ते आम्हाला काय ठाऊक?

आणि हा पठ्ठ्या म्हणतो, मिळायचा!

त्याला धाप लागली म्हणून उरलेली साक्ष उद्यावर गेली. शेजारी बसलेल्या, त्याच्या बाजूच्या वकीलबाई चिडल्या नाहीत, नुसत्या खुर्चीत मागे टेकल्या.

"काका, उत्तर मी शिकवू शकत नाही. उद्या खरं तेवढं सांगा."

तो असं का बोलला ते कात्रीला पक्कं ठाऊक होतं. कंपनीची कोटवाली माणसं पाहणीला यायची, त्यांना कारखान्यात पाहुणे म्हणत. ती यायच्या आधी मुकादम सगळ्यांना पढवायचा: पाहुणे काहीही विचारोत, 'हो साहेब' म्हणायचं. त्या दिवशी प्रत्येकाला मास्क मिळायचा आणि गाडी फाटकाबाहेर पडली की परत खोक्यात जायचा. हे वर्षानुवर्षं चाललं. तिला नवऱ्याचा राग आला, आणि त्याहून जास्त कीव आली.

संध्याकाळी तिने शेजाऱ्यांचा लग्नातला कोट मागून आणला, अंगात चढवला आणि त्याच्यासमोर बसली.

"मी साहेब. चहा हवा का?"

"हो साहेब."

"अहो, नाही म्हणायची सवय करायचीय!"

"पण हवाय मला."

"बरं. तुमची बायको दिसायला सुंदर आहे का?"

"हो साहेब."

"इतक्या वर्षांत आज तोंड उघडलंत, तेही साहेबापुढे!"

तो हसायला लागला आणि हसता हसता खोकल्याची उबळ आली. ती कोट काढून त्याची पाठ चोळत राहिली.

"नाही जमायचं गं मला," तो म्हणाला. "आयुष्य गेलं हो म्हणण्यात."

"राहू द्या. पडा जरा."

दुसऱ्या दिवशी वकिलाने तिथूनच सुरुवात केली. "मास्क मिळायचा, असं तुम्ही काल म्हणालात. बरोबर?"

वाळूशेठने बायकोकडे पाहिलं. तिने मुद्दाम नजर जमिनीवर ठेवली.

"मिळायचा," तो म्हणाला. कात्रीचा हात पुन्हा कपाळाकडे गेला. "कंपनीचे पाहुणे यायचे त्या दिवशी. ते गेले की काढून घ्यायचे. पाहुण्यांनाही ठाऊक होतं. आमच्या पापण्यांवर वाळू असायची आणि मास्क कोरा करकरीत. दिसत नसेल होय?"

"मग काल नुसतं हो का म्हणालात?"

तो बराच वेळ श्वास गोळा करत राहिला. "तुम्ही कोट घातलाय ना, साहेब."

दुभाषी बाईने ते जसंच्या तसं सांगितलं. पडद्यावर कोणी हसलं नाही. त्याचे ओठ निळे पडायला लागले होते. पडद्यावरच्या न्यायाधीशबाई पुढे वाकल्या. "तुम्हाला फार त्रास होतोय. आज थांबायचं का?"

कात्री पाण्याचा ग्लास घेऊन उठली.

"नाही साहेब," तो म्हणाला. "विचारा."

ती ग्लास तसाच धरून उभी राहिली.