उचकी लागलेला हॉर्न

दचकू नका. मी हॉर्न बोलतोय. ओरडत नाहीये, बोलतोय. कोणी न दाबता मी पहिल्यांदाच तोंड उघडलंय, म्हणून आवाज जरा चाचरतो आहे. शिवाय मला उचकी आहे. ती कशी लागली ते ओघाने येईलच, कारण माझी अब्रू गेली ती त्या उचकीपायी.

मी राहतो गाडीच्या पुढच्या जाळीमागे. तिथून आतली माणसं दिसत नाहीत, फक्त त्यांचं बोलणं ऐकू येतं. दिसतात त्या पुढच्या गाड्यांच्या पाठी आणि मागच्या काचांतून माणसांची पाठमोरी डोकी. टक्कल, अंबाडा, टोपी, आईच्या खांद्यावरून मागे बघणारं बाळ. माझं सगळं आयुष्य लोकांच्या पाठीवर ओरडण्यात गेलं. समोरासमोर कोणाला काही म्हणायची वेळ माझ्यावर आलीच नाही.

मला या घरात अण्णांनी आणलं. त्यांचं चष्म्याचं दुकान होतं. गाडी त्यांनी जुनी घेतली होती आणि तिचा मूळ हॉर्न मुका झाला होता. सुट्या भागांच्या दुकानात जाऊन त्यांनी एकेक हॉर्न वाजवून पाहायला सुरुवात केली. हा फार चढा, हा फार चिडका, हा ऐकून म्हाताऱ्या माणसाचं काय होईल! दुकानदार कंटाळून म्हणाला, "साहेब, हॉर्न घेताय की गाण्याच्या क्लासला मुलं निवडताय?"

"ऐकणाऱ्याने वळून बघावं, घाबरू नये, एवढंच पाहतोय," अण्णा म्हणाले आणि त्यांनी मला उचललं. आयुष्यात माझी निवड झाली ती तेवढीच, आणि तीही माझ्या मऊ आवाजासाठी. आता हे आठवलं की जास्तच लाज वाटते.

अण्णा मला फार क्वचित वाजवत. वळणावर एकदा, आणि संध्याकाळी घराच्या फाटकाशी एकदा, तेही ओझरतं. तेवढ्यावर आई, म्हणजे अण्णांच्या पत्नी, हात पुसत बाहेर यायच्या आणि फाटक उघडायच्या. सकाळी मात्र फाटक अण्णा स्वतः उघडत. तेव्हा ते माझ्या समोरून पाठमोरे चालत जायचे. डोक्यावर मागे वाटीएवढं टक्कल, आणि डावा कान जरा बाहेर आलेला. रोज बघून बघून ते डोकं मला पाठ झालं होतं.

उचकीही त्यांनीच दिली. एका रविवारी गाडी धुताना पाण्याचा पाइप थेट माझ्या तोंडात गेला. तेव्हापासून मला दाबलं की आधी 'क्क' होतं, मग सूर लागतो. मुलगा म्हणाला, "अण्णा, बदलून टाका की." अण्णा म्हणाले, "उचकी लागली म्हणून कोणी घरचं माणूस बदलतं का?"

पुढे अण्णांची नजर अधू झाली. आयुष्यभर लोकांना चष्मे देणाऱ्या माणसाने एक दिवस स्वतःहून गाडीची किल्ली मुलाच्या हातात ठेवली. घरात सगळे या मुलाला दादा म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणतो.

दादाबद्दल वाईट बोलायला जीभ रेटत नाही. रंगांच्या कंपनीत माल पोचवण्याची सगळी जबाबदारी त्याच्यावर. घरात अतिशय मवाळ माणूस. अण्णा झोपले की टीव्हीचा आवाज बंद करून नुसती चित्रं बघत बसणारा. पण सीटबेल्ट लावला की त्याच्या अंगात कोण संचारायचं कोण जाणे! पुढचा हळू चालला की तो बावळट, बाजूचा घुसला की तो उद्धट, आणि सिग्नलला पहिला उभा असलेला तर झोपायलाच आलेला. "लायसन्स काय लॉटरीत लागतं का यांना?" हे त्याचं ठरलेलं वाक्य. आणि वाक्यापाठोपाठ मी.

माझा आवाज त्याला पुरेना. म्हणून त्याने गाडीच्या इलेक्ट्रिशियनकडून माझ्या पाठीमागचा स्क्रू पिळून घेतला. मऊपणा गेला, घसा चिरका झाला. उचकी तेवढी तशीच राहिली.

आमच्या गल्लीत रविवारी सकाळी सगळे गाड्या धुतात. हातात फडकी, तोंडात मतं. कोणाची गाडी काय ॲव्हरेज देते, कोणत्या पंपावरच्या पेट्रोलने इंजिन खोकतं, कोणता मेकॅनिक गाडी बरी करतो आणि कोणता आजारी पाडतो. शेवटी गाडी येऊन थांबायची ती माझ्यावर. "लोक काय हॉर्न वाजवतात हो!" एक म्हणायचा. "संस्कारच नाहीत," दुसरा म्हणायचा. दादा सगळ्यांत जोरात मान डोलवायचा. मी ऐकत असायचो. इतक्या वर्षांत त्या गल्लीत हॉर्न वाजवणारा एकही माणूस मला भेटला नाही. सगळ्यांना फक्त दुसऱ्यांचे हॉर्न ऐकू यायचे.

मग अण्णांच्या पोटाचं ऑपरेशन झालं.

त्यांना घरी आणायचं होतं दादानेच. धाकटी, म्हणजे त्याची बहीण, रोज दवाखान्यात बसत होती. दादाने तिला सांगितलं, "जेवणाच्या आत येतो. गाडी आपली आहे, अण्णांना रिक्षाचे धक्के नकोत." खरंच निघालाही होता वेळेवर. पण कंपनीच्या पार्किंगमध्ये गाडीपाशी आला आणि बंपरवर त्याला एक ओरखडा दिसला.

ओरखडा माझ्या शेजारीच होता, बोटभर लांब. झालं! दादाने पहारेकऱ्याला बोलावलं, शेजारच्या गाडीवाल्याला बोलावलं. कोण आलं, कोण गेलं, कोणी घासली, कॅमेरा चालू होता का. पहारेकरी हात जोडून म्हणाला, "साहेब, जरा पॉलिश मारलं की जाईल." दादा म्हणाला, "प्रश्न पॉलिशचा नाही, तत्त्वाचा आहे." तत्त्व बराच वेळ चाललं. खिशातला फोन मध्येमध्ये वाजून थकला. शेवटी त्याने घड्याळ पाहिलं आणि दार आपटून निघाला.

दवाखान्याचा रस्ता एका बाजूने खणलेला होता. एकच गाडी जाईल एवढी जागा. आणि आमच्यापुढे एक पांढरी गाडी, शहरातल्या अर्ध्या गाड्या असतात तशीच. ती प्रत्येक खड्ड्यापाशी जवळजवळ थांबायची, एकेक चाक हळूच उतरवायची, हळूच चढवायची.

"अरे, काय वरात काढलीय का!" दादा म्हणाला आणि त्याने मला दाबलं. क्क... आणि मग लांबलचक.

गाडी तशीच हळू. दादाने पुन्हा दाबलं. या वेळी त्याने अंगठा उचललाच नाही.

आणि मला मागच्या काचेतून डोकं दिसलं. वाटीएवढं टक्कल. जरा बाहेर आलेला डावा कान.

मी ओळखलं. दादाच्या आधी मी ओळखलं. आणि तरी मी ओरडत होतो. थांबणं माझ्या हातात नसतं हो! अंगठा दाबलेलाच होता, तार ताणलेली होती आणि ज्या माणसाने मला मऊ आवाजासाठी निवडलं होतं, त्याच्याच पाठीवर मी माझ्या चिरक्या घशाने बोंबलत होतो. माझ्या प्रत्येक आवाजाला ते डोकं किंचित खाली जायचं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला वाटलं. पण बोल्टने आवळलेल्याला तीही सोय नसते.

जरा रुंद जागा आली तशी पांढरी गाडी बाजूला झाली. दादाने काच खाली केली आणि शेजारून जाताना तोंड उघडलं, "चालवता येत नाही तर घरी..."

वाक्य तिथेच तुटलं. आता त्यालाही दिसलं होतं. मागच्या सीटवर अण्णा, पोटाशी उशी घट्ट धरलेली, डोळे मिटलेले. पुढे धाकटी, मागे वळून त्यांना काही विचारत असलेली. वाट बघून बघून तिने मैत्रिणीची गाडी मागून आणली होती.

दादाने थांबायला हवं होतं. उतरायला हवं होतं. त्याने काच वर केली आणि गाडी पुढे दामटली.

संध्याकाळी आम्ही घरी पोचलो तेव्हा धाकटी फाटकातच उभी होती. "दादा, होतास कुठे तू? फोन का उचलत नव्हतास?"

"अगं, मी पोचलो तर तुम्ही निघून गेला होतात." हे खोटं नव्हतं. सगळं होऊन गेल्यावर तो दवाखान्यात जाऊनही आला होता. पण याहून मोठी थाप मी ऐकलेली नाही.

"आणि रस्त्यात मागे एक मेला लागला होता बघ. नुसता बोंबलत होता. दरवेळी अण्णा दचकायचे आणि उशी आवळून धरायचे. मला वाटलं, टाकाच तुटतोय आता."

दादा गप्प राहिला असता तरी मी त्याला माफ केलं असतं. पण तो म्हणाला, "लोकांना अक्कलच नसते."

त्यानंतर त्याने मला हात लावला नाही. रस्त्यात गाय आडवी आली तरी थांबून राहायचा. रविवारी गाडी धुताना मतं द्यायचा नाही. धाकटी मात्र रोज यायची आणि गल्लीत कोणी भेटलं की अण्णांच्या तब्येतीबरोबर त्या मेल्याचीही गोष्ट सांगायची. सांगता सांगता तो मेला जास्तच नालायक होत चालला होता. दादा खाली मान घालून चाक पुसत राहायचा. एकच चाक, पुन्हा पुन्हा.

टाके काढायचा दिवस आला. अण्णा पुढे, दादाच्या शेजारी बसले. त्याच खणलेल्या रस्त्यावर दादाने एकेक चाक हळूच उतरवलं, हळूच चढवलं. आणि मागून कोणीतरी हॉर्न वाजवायला लागला. लांबलचक. पाठीवर ओरडणं कसं असतं ते मला त्या दिवशी कळलं.

"बाजूला घे," अण्णा म्हणाले. "जाऊ दे त्याला. घाई असते एकेकाला."

दादाने गाडी बाजूला घेतली, पण पुन्हा पुढे काढली नाही.

"अण्णा, त्या दिवशी मागे..."

"माहीत आहे."

"तुम्ही पाहिलंत मला?"

"बघायला कशाला हवं? पहिली उचकी ऐकली तेव्हाच कळलं. पाइप मीच घातला होता ना त्याच्या तोंडात!" अण्णा हसायला गेले आणि पोट धरून थांबले. "धाकटीला म्हटलं, बाजूला घे, त्याला उशीर झालाय. मनात म्हटलं, मलाच आणायला निघालाय, आपणच कशाला अडवायचं."

दादा रडत होता की काय, मला दिसत नाही. आवाज मात्र ओला होता. "मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

"तू सांगशील म्हणून थांबलो होतो," अण्णा म्हणाले. मग म्हणाले, "चल आता. आणि धाकटीला तूच सांग. मी नाही सांगणार."

टाके काढून परतलो आणि घराच्या फाटकाशी गाडी थांबली. दादा फाटक उघडायला उतरणार, तेवढ्यात अण्णांनी हात लांब करून मला हलकेच दाबलं. क्क, आणि मग ओझरतं. आई हात पुसत बाहेर आल्या त्या रागावूनच. "अहो, टाके निघाले नाहीत तोच गाडी चालवायला घेतलीत?" मग त्यांना स्टिअरिंगवर दादा दिसला आणि त्या गोंधळल्या.

पुढच्या रविवारी गल्लीत फडकी निघाली, मतं निघाली. धाकटी आली. कोणीतरी म्हणालं, "लोक काय हॉर्न वाजवतात हो!" आणि तिने लगेच सुरू केलं, "अहो, अण्णांच्या वेळी तर एक मेला..."

"तो मी होतो," दादा म्हणाला.

सगळ्यांना वाटलं, थट्टा करतोय. एकजण हसलासुद्धा. दादाने फडकं बादलीत टाकलं. "धाकटे, तो मी होतो. तुम्हाला ओळखलं आणि थांबलोही नाही."

धाकटीने त्याच्याकडे पाहिलं आणि मग जाळीतून थेट माझ्याकडे. पहिल्यांदाच कोणीतरी समोरून माझ्याकडे पाहत होतं आणि मला तोंड लपवायला जागा नव्हती.

"अण्णांना माहीत आहे?" तिने विचारलं.

"पहिल्यापासून."

"आणि मी त्यांच्यासमोर रोज त्या माणसाला..." ती ओढणीने तोंड पुसत घरात गेली. बाकीचे आपापली चाकं पुसायला लागले आणि कोणी कोणाकडे बघेना. त्या गल्लीत मला हॉर्न वाजवणारा माणूस अखेर भेटला होता.

नंतर दादाने माझा स्क्रू सैल करून घेतला. आवाज थोडा मऊ झालाय, पूर्वीसारखा नाही. घसा एकदा चिरकला की तसा राहत नाही.

मला दाबू नका असं मी म्हणणार नाही. वळणावर मी लागतो, फाटकाशी लागतो. पण अंगठा टेकवण्याआधी पुढच्या गाडीच्या काचेतून एकदा बघा. एक पाठमोरं डोकं दिसेल. ते कोणाचं आहे हे तुम्हाला शेजारून जाईपर्यंत कळत नाही. मला आधी कळतं, आणि तरीही मला ओरडावं लागतं.